पिशवी का लागली, हे आधी बघा

सर्जरीत इंटर्नशिप सुरू होऊन चारच दिवस झाले होते. राउंड संपल्यावर पोटावर मळाची पिशवी लावलेल्या एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, ही पिशवी कधी निघणार?" मी ऐटीत म्हणालो, "तीनेक महिन्यांत." रजिस्ट्रारने मला बाहेर नेऊन केस पेपर हातात दिला. कॅन्सर गुदाशयाच्या अगदी तळाशी, गुदद्वारासकट काढलेला. पिशवी जन्मभराची.

तेव्हा केस पेपरवर 'कोलोस्टॉमी' (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणणं) एवढंच वाचून पुढे जाऊ नका.

पुस्तकात पिशवीच्या कारणांत डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्यावरच्या फुगवट्यांना येणारी सूज) ठळक अक्षरांत असतो. आमच्या सरकारी वॉर्डात मला तो दिसलाच नाही म्हणा ना. दिसले ते गुदाशयाचे कॅन्सर, मूळव्याध समजून वर्षभर झाडपाल्यावर काढलेले. आणि मध्यरात्री येणारा सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस: पोट नगाऱ्यासारखं, आतड्याला पीळ. पीळ पडलेला भाग काळा पडला असेल तर तो काढावाच लागतो. पण पोटात घाण, रक्तदाब ढासळलेला, अशा वेळी दोन टोकं जोडली तर जोड सुटायची भीती. म्हणून वरचं टोक पोटावर आणायचं, खालचं शिवून आत ठेवायचं. हेच हार्टमन. गंमत म्हणजे आंरी हार्टमनने १९२१ मध्ये ही पद्धत मांडली ती कॅन्सरसाठी. आमच्याकडे मात्र ती बहुतेकदा रात्रीच व्हायची.

टायफॉइडने फुटतं ते बहुधा लहान आतडं. तिथे पिशवी लागलीच तर ती इलिओस्टॉमीची, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विद्यार्थी हमखास इथेच घसरतात.

काहींचं आतडं धडधाकट असतं, तरी पिशवी लागते. मधुमेही माणसाला फोर्निअर गँगरीन (गुदद्वार-जननेंद्रियाजवळची कातडी-मांस सडणं) झालं, किंवा अपघातात गुदद्वाराजवळ चिंधड्या झाल्या, की त्या जखमेवर मळ येऊ नये म्हणून वाट वळवतात. नातेवाइकांना हे पटवताना घाम फुटतो. "दुखणं खाली, मग पोट का फाडलं?"

आणि शौचाची जागाच नसलेली नवजात बाळं, साधारण पाच हजारांत एक. दोष वरच्या पातळीवरचा असेल तर आधी कोलोस्टॉमी, मग नवी वाट, ती बरी झाली की पिशवी बंद. आईला हे तिन्ही टप्पे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दुसऱ्या ऑपरेशनला तिला वाटतं पहिलं फसलं.

ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर पिशवीच्या जागेची खूण करायला मला पाठवलं. आजी पलंगावर आडव्या होत्या, मी फुली मारली. सिस्टर म्हणाल्या, "त्यांना मांडी घालून बसवा." आजी उठून बसल्या, निऱ्या सारख्या केल्या, आणि माझी फुली नेमकी साडीच्या गाठीखाली गेली.