कॅम्पिंगसाठी खटक्याचा चाकू निवडताना

बटण दाबताच उघडणारा चाकू घेताना धारेच्याही आधी पात्याची पकड तपासावी, कारण उघडलेले पाते पाठीकडून चिमटीत धरून हलवल्यावर किंचितही खुळखुळले, तर दोरी कापताना ते बोटांवर मिटण्याचा धोका असतो. खिशात चुकून उघडू नये म्हणून बटणाला अडसर असलेलाच चाकू घ्यावा. इथे तडजोड नकोच. सहसा न गंजणाऱ्या पोलादाचे 8 ते 9 सेंटीमीटरचे पाते बहुतेक कामांना पुरते. वाळूचे कण आत शिरले की स्प्रिंग अडखळते आणि पाते अर्धवटच उघडते, त्यामुळे आतून सहज साफ करता येईल अशी मूठ पाहावी. लाकूड फोडायला मात्र न मिटणारा चाकूच वापरावा. अनेक ठिकाणी अशा चाकूंवर कायद्याने बंदी असल्याने खरेदीपूर्वी तिथले नियम पाहून घ्यावेत.