गुळाचा चहा फाटत होता, तो असा थांबला

गुळाचा चहा उकळी आली की फाटायचा. गाळणीत पांढरे कण, कपात पिवळसर पाणी. आठवड्यातून दोनतीनदा चांगलं दूध मोरीत ओतताना जीव तुटायचा.

आधी दुधावर संशय घेतला. ताजी पिशवी फोडूनही तेच. पिवळ्या गुळाऐवजी काळसर आणला. फाटणं कमी झालं, थांबलं नाही. चिमूटभर सोडा घातला तर चव बिघडली.

खरी गोची दूध आणि गूळ एकत्र उकळण्यात होती. गूळ किंचित आंबट गुणाचा असतो, उकळत्या दुधाला ते सोसत नाही. कच्च्या आल्यातलं विकरही (एन्झाइम) दूध फाडतं, पण पाण्यात उकळलं की ते निकामी होतं.

आता दोन कपांसाठी असं करते: 1 कप पाण्यात आलं किसून 3 मिनिटं खळखळ उकळते. मग 2 चमचे चहा पावडर आणि 2 चमचे किसलेला गूळ. गूळ पूर्ण विरघळला की गॅस बंद, झाकण, आणि 2 मिनिटांनी गाळते. दुसऱ्या शेगडीवर 1 कप दूध वेगळं तापवलेलं असतं; ते गरमच, बारीक धारेने, ढवळत ओतते. यानंतर चहा पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही, ही पायरी अजिबात चुकवू नका.

उशिरा उठणाऱ्याचा कोरा चहा तसाच बाजूला राहतो. दूध तेव्हाच घालायचं. चोथ्यालाही दूध लागत नाही, त्यामुळे तो धुऊन थोडा थोडा गुलाबाच्या कुंडीत जातो.