वॅगनआर विकून मोठी सेकंडहॅण्ड गाडी घेताय? आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

माझी वॅगनआर ९९८ सीसीची, ६८ पीएसची, आणि गावात चालवायला तिच्यासारखी गाडी नाही हे आजही म्हणेन, नारायण पेठेतल्या बोळात दोन्हीकडे ॲक्टिव्हा लावलेल्या असल्या तरी निघायची. पण चार माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू आणि समोर खंबाटकी घाट आला की सेकंड गियर टाकून एसी बंद करायचा, मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतोय आणि मागच्या सीटवरून आई म्हणतेय "हळूच घे रे, घाई नाहीये", अहो घाई करायला दम कुठे आहे तिच्यात! तर शेवटी मोठी गाडी घ्यायची ठरली, नवी परवडत नव्हती म्हणून सेकंडहॅण्ड, दोन महिन्यांत अकरा गाड्या बघितल्या आणि एक सात सीटर डिझेल घेतली. त्यात जे शिकलो ते लिहितोय.

पहिली गोष्ट पैशांची, कारण सगळे इथेच फसतात. आठ वर्षं जुनी एसयूव्ही किंवा मोठी सेडान साधारण नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याला परवडते. पण गाडी सेकंडहॅण्ड मिळाली तरी तिचे पार्ट सेकंडहॅण्ड भावात मिळत नाहीत, गाडी नवी असताना वीस लाखांची असेल तर तिचा हेडलाइट, क्लच, सस्पेन्शन सगळं वीस लाखवाल्या गाडीचंच असतं. वॅगनआरला इंजिन ऑइल तीन-साडेतीन लिटर लागतं, मोठ्या डिझेलला सहाच्या आसपास. माझ्या नवीन गाडीला २३५/६५ आर १७ टायर, चार टायरचे ४२ हजार गेले, बॅटरी साडेसात हजार, लोअर आर्म आणि बुश (सस्पेन्शनचे पार्ट) १८ हजार, सगळे फिल्टर धरून सर्व्हिस ११ हजार. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत ७८ हजार ५००, आणि यात काहीही बिघडलेलं नव्हतं बरं का, हा नुसता आधीच्या मालकाने ढकललेला खर्च. म्हणून बजेट नऊ लाख असेल तर गाडी साडेसातपर्यंतचीच बघा आणि उरलेले बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही.

इन्शुरन्सचंही तसंच. थर्ड पार्टीचे २०२२ ला ठरलेले दर बघा, १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर थेट ७,८९७. हां पण इथे एक फायदा आहे जो बरेच लोक सोडून देतात: नो क्लेम बोनस (एनसीबी) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं, पाच वर्षं क्लेम नसेल तर नवीन गाडीच्या ओन डॅमेजवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर, ५० टक्के सूट. आणि याच कारणाने विकणाऱ्याच्या पॉलिसीवर दिसणारा त्याचा बोनस तुम्हाला मिळणार नाही, फरक भरावा लागतो.

आता पार्किंग. हसू नका. जुनी वॅगनआर रुंदीला दीड मीटरच्या आसपास आहे, एक्सयूव्ही ५०० आहे १.८९ मीटर, हॅरिअर पण तेवढीच, इनोव्हा क्रिस्टा १.८३ पण लांबीला ४.७३. आमची कोथरूडची सोसायटी नव्वदच्या दशकातली, तेव्हा खांब मारुती ८०० बघून उभे केलेत. मी काय केलं, घरातली रांगोळी घेतली आणि माझ्या जागेवर ४.६ बाय १.९ चा चौकोन काढला आणि मग टेपने खांबापर्यंत किती उरतं ते बघितलं, ड्रायव्हरचा दरवाजा उघडून माणूस बाहेर पडायला निदान ५५-६० सेंटिमीटर तरी लागतात. वरच्या मजल्यावरच्या काकू थांबून म्हणाल्या, "आज काय आहे? आणि चौकटच काढलीस, आत ठिपके नाहीत?" काकूंना हसू द्या, त्या रांगोळीमुळे लिस्टमधल्या दोन गाड्या तिथेच कटल्या. बेसमेंट असेल तर रॅम्पचं वळण आणि वरच्या बीमची उंची पण बघा, रूफ रेल धरून.

कुठली घ्यायची हे मी सांगणार नाही, पण ताकदीचा आकडा कसा वाचायचा ते सांगतो. सगळे पीएस विचारतात, घाटात कामाला येतो टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर. वॅगनआर ९० न्यूटन मीटर, जुनी १.६ डिझेल क्रेटा २६०, १४० पीएसवाली एक्सयूव्ही ५०० म्हणजे ३३०. ऑक्टाव्हिया १.८ पेट्रोल १८० पीएसची, चालवायला वेड लावते, पण एक्सप्रेसवेवर लिमिट १०० चंच आहे आणि कॅमेरे बसलेत, तेव्हा ती ताकद ओव्हरटेकला आणि चढाला वापरायची, स्पीडोमीटरचे फोटो काढायला नाही. रोजचं जाणं-येणं कोथरूड ते डेक्कन एवढंच असेल तर डिझेल घेऊ नका, विशेषतः एप्रिल २०२० नंतरची बीएस सिक्स, त्यात डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो काजळी जाळायला गाडी थोडी मोकळी पळावी लागते, कर्वे रोडवर फर्स्ट-सेकंडमध्ये रांगत राहिली की तो चोक होतो आणि मग लाइट लागते. महिन्यात दोन-तीनदा हायवेला जात असाल तर काही त्रास नाही.

गाडी बघायला जाताना फोनवरच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजा की थंड इंजिनचा आवाज किंवा धूर तुम्हाला ऐकू-दिसू द्यायचा नाहीये. थंड स्टार्टला टायमिंग चेनचा खडखडाट, निळा धूर, सगळं पहिल्या दहा सेकंदात कळतं. मग बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा, रंग तुटलेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे तो भाग कधीतरी खोललाय. काचांवरचं वर्ष बघा, सगळ्या एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर का ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. मीटरवर ४५ हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकाकतंय, तर मीटर मागे फिरवलाय. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून हिस्टरी काढता येते, मालकाला सोबत न्या, तो टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

पुण्यात अजून एक गोष्ट बघावीच लागते, पाणी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर-अरण्येश्वर बाजूला गाड्या एकमेकांवर चढलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पार्किंगच्या पार्किंग पाण्यात होती. या दोन तारखा डोक्यात ठेवा आणि हिस्टरीत त्याच्या लगेच नंतर मोठं बिल किंवा लांबलचक गॅप आहे का बघा. मी बघितलेली सातवी गाडी, एका डीलरकडे, रंग चकाचक, सीट कव्हर नवीन, आत लिंबाचा वास इतका की डोळे चुरचुरले. सोबत नेलेल्या मेकॅनिकने काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ, बोट फिरवलं तर बारीक गाळ बोटाला. डीलर म्हणतो, "सर, चहा सांडला असेल." बेल्टच्या रिळात चहा! सीट पुढे सरकवून रेल बघितले तर गंजलेले. आम्ही पाणी पण न पिता निघालो.

तर मेकॅनिक सोबत न्याच, हजार-दीड हजार घेईल, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचायचं यंत्र) असलेला असेल तर उत्तम. टेस्ट ड्राइव्ह डीलरच्या गल्लीत मारू नका. आम्ही चांदणी चौकातून भूगाव करत पिरंगुटचा घाट चढायचो. चढावर चौथ्या गियरला, कमी स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम वर पळाले आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच गेलाय, आणि मोठ्या डिझेलमध्ये क्लचसोबत फ्लायव्हीलचा खर्च निघू शकतो, तो ऐकून खाली बसाल. ऑटोमॅटिक असेल तर ट्रॅफिकमध्ये गरम होऊ द्या, मग डी-आर-डी (पुढे-रिव्हर्स-पुढे) करत राहा, झटका किंवा उशीर लागला की सोडा. ड्राय क्लचवाले डीएसजी (स्कोडा-फोक्सवॅगनचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आपल्या बंपर-टू-बंपरमध्ये लवकर थकतात, तिथे गिअरबॉक्सवर काय काम झालंय त्याचं बिल मागा.

कागदपत्रं पटकन सांगतो. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, लोन आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत ते बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म, टीटी म्हणजे गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३०. ई-चलन बाकी असतील तर विकणाऱ्याने आधी भरायची, "नंतर भरतो" चालणार नाही. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसवलीये का बघा. इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करा. दिल्लीची डिझेल स्वस्त दिसते कारण तिकडे जुन्या डिझेलवर बंधनं आली, पण एनओसी आणणं, इथला टॅक्स परत भरणं आणि तोपर्यंत परराज्याच्या प्लेटवर दर नाक्यावर थांबणं, मी तरी एमएच बारा किंवा चौदा (पुणे, पिंपरी-चिंचवड) पासिंगच बघितली. आणि तुमची जुनी गाडी देताना तारीख आणि वेळ टाकून डिलिव्हरी नोट सही करून घ्या, टीटी झाली का ते स्वतः ऑनलाइन बघा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसऱ्याने तोडलेल्या सिग्नलचं चलन तुमच्या फोनवर.

घरी आणल्यावर लगेच कोकणात पळू नका. वॅगनआर नऊशे किलोच्या आत, ही पावणेदोन टनाच्या वर, ब्रेक लागतात पण थांबायचं अंतर डोक्यात जुन्या गाडीचंच बसलेलं असतं. रविवारी सकाळी सहाला पाषाण-सूस रोडला जाऊन नुसते ब्रेक मारून बघा, रिव्हर्स घ्या, यू-टर्न घ्या. टर्बो डिझेलला १५००-१८०० आरपीएमच्या खाली दम नसतो आणि मग एकदम धक्का येतो, पहिल्यांदा ओव्हरटेकला ते लक्षात नसेल तर दचकायला होतं. ताम्हिणी उतरताना ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली विळ्याला पोचेपर्यंत जळका वास येईल.

एवढं सगळं मोजूनमापून सुद्धा मी दुसऱ्या आठवड्यात डावा मागचा दरवाजा खांबाला घासला, रांगोळीत आरसे धरले होते, स्टेअरिंग कापताना मागचं चाक किती आत येतं ते धरलं नव्हतं. डेंटिंग-पेंटिंगचे साडेचार हजार गेले आणि मग नाना पेठेतून खांबाला लावायची रबराची पट्टी आणली, चारशे रुपये. तुम्ही गाडी यायच्या आधीच लावा.