रविवारी माळावर गाडी उडवायची तर शनिवारी काय काय बघायचं

भाताची सुगी आटोपली की आमच्या पोरांच्या अंगात यायला लागतंय, आणि यंदा पण बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला त्याच मुरमाच्या माळावर रविवारी मोटरसायकलच्या रेसला जमायचं ठरलंय. दरवर्षी गाडी चकाचक धुवून आणत्यात आणि निम्मं सामान घरात विसरत्यात, म्हणून हे लिहितोय, शनिवारी सांजच्याला एकदा वाचा की.

आधी बूट. हेल्मेट सगळे आणतात, बूट कोण आणत नाही. गुडघ्याखालपर्यंत येणारे, नडगीवर कडक प्लास्टिक असलेले मोटोक्रॉसचेच (कच्च्या ट्रॅकवरच्या रेसचे) पायजेत, सेकंडहँड असले तरी चालतंय. गेल्या खेपेला मी कॉलेजच्या स्पोर्ट शूजवर उतरलो, वळणावर पाय टेकला, अख्ख्या गाडीचा भार घोट्यावर आला, मग सहा आठवडे प्लास्टर आणि वर आईचं बोलणं, त्यातलं प्लास्टर परवडलं. हेल्मेट आयएसआय नाहीतर ईसीईवालं (युरोपचा शिक्का), पट्टा डबल डी रिंगचा, म्हणजे दोन कड्यांतनं ओवून आवळायचा, आणि एकदा जोरात आपटलेलं असेल तर वरनं कितीही चांगलं दिसू दे, आतला थर्माकोल दबलेला असतो, ते आणू नका. गॉगल लागतोच, लाल धूळ एकदा डोळ्यात गेली की पुढची दोन वळणं अंदाजानंच मारावी लागतात. नी गार्ड, चेस्ट गार्ड, ग्लोव्हज, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

आता गाडी. आपल्यात बहुतेक हिरोच्या एक्सपल्स 200 आहेत, दोन जुन्या इम्पल्स, आणि एका हट्टी माणसाची आरएक्स 100. आरसे, इंडिकेटर, साडीगार्ड, नंबरप्लेट काढून ठेवा, हेडलाईटच्या काचेवर चिकटपट्टी मारा. जे चालवत येणार त्यांनी नंबरप्लेट आणि आरसे माळावर आल्यावर काढा, वाटेत पोलिसांना काय सांगणार. साइड स्टँड एकतर काढा नाहीतर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधा, लोंबला तर वळणात जमिनीत रुततो. फक्त नव्या गाड्यांना स्टँडचं स्विच असतंय, ते न बघता स्टँड काढलात तर गिअर टाकल्यावर गाडी बंद पडू शकते. स्पोक पान्यानं हळू ठोकून बघा, टण वाजला तर बरोबर, ठप वाजला तर ढिला. चेन बघताना गाडीवर एखादा जाड माणूस बसवा (कोण ते सगळ्यांना माहीत आहे), कारण सस्पेन्शन दबलं की चेन ताणली जाते, आणि रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन उडी मारल्यावर दगा देते. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळा की पडल्यावर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. फोमचा एअर फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणपाणी, वाळला की फिल्टर ऑइल. पेट्रोलमध्ये धुवू नका, फोमचे जोड सुटतात. फूटपेगचं (पाय ठेवायच्या दांडीचं) काही वेल्डिंग असेल तर शनिवारीच बेळगावच्या उद्यमबागेत जाऊन करून घ्या.

टायरची हवा टेम्पोतून गाडी आणणाऱ्यांनी 15 पीएसआयच्या आसपास ठेवली तरी चालेल, चालवत येणाऱ्यांनी माळावर पोचून कमी करायची आणि जाताना परत भरायची, पायपंप मी आणतोय. रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प) नसेल तर फार उतरवू नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो.

ट्रॅकवर शनिवारीच पाण्याचा टँकर सोडायचाय. सकाळी सोडला तर वरचा थर नुसता बुळबुळीत होतोय, आणि न सोडला तर सगळी धूळ शेजारच्या मसुरीवर, मग मालक मामा पुढच्या वर्षी दारात पण उभं करणार नाहीत. पोलीस स्टेशनला द्यायचा अर्ज कानडीत लिहून झालाय, सही राहिलीय. गाडी चालू करायच्या आधी प्रत्येकानं पूर्ण ट्रॅक चालत फिरायचा, पावसाळ्यात वर आलेले दगड गाडीवरनं दिसत नाहीत. जिथनं उडी मारायची त्या बांधाजवळ थांबून पलीकडची उतरण बघा. तिथं कोण पडलंय ते उडी घेणाऱ्याला कळतच नाही, म्हणून पिवळा झेंडेवाला तिथंच उभा राहणार. पिवळा म्हणजे ओव्हरटेक नाही आणि उडी पण नाही, लाल म्हणजे सगळ्यांनी हळू होऊन थांबायचं. नुसतं ओरडून काय होत नाही, हेल्मेटात मराठी कळत नाही न कानडी.

औषधाच्या डब्यात क्रेप बँडेज, बेटाडीन, जखमेतला मुरूम धुवायला सलाईनच्या दोन बाटल्या, ओआरएस. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान हलवायची नाही, 108 ला फोन. पाणी प्रत्येकी चार लिटर. जेवणाचं टेन्शन नको, भाकरी आणि शेंगाचटणी येणार आहे.

कोण पडलं तर दवाखान्यात न्यायला एक जीप रस्त्याकडे तोंड करून उभी पायजे, चावी ड्रायव्हरच्या खिशात, आणि तो ड्रायव्हर रेसमध्ये नको. गाडीवाले अकरा झालेत, झेंड्याला दोघं मिळालेत, जीपला अजून कोण नाही. भाऊजी तयार होते, पण काल त्यांनी पण इम्पल्स घेतली.