ही नोंद शेवटी कुणी बदलली?

एका ग्राहकाची उधारीची मर्यादा कुणीतरी बदलली होती. कुणी ते बघायला मी टेबल उघडलं. वेळेचा कॉलम होता, नावाचाही होता. पण प्रत्येक ओळीत एकच नाव. आमचं ॲप्लिकेशन ज्या लॉगिनने डेटाबेसला जोडतं, ते. माणूस कुठेच नाही. तेव्हापासून नवं टेबल केलं की हे काम मी पहिल्याच दिवशी उरकतो.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमधली रीत सांगतो. दोन कॉलम घ्या: बदलाची वेळ (टाइमझोनसह टाइमस्टॅम्प) आणि बदलणाऱ्याचा आयडी. वेळेच्या कॉलमला डिफॉल्ट (आपोआप भरली जाणारी किंमत) दिला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण डिफॉल्ट नवी ओळ घालतानाच लागतो, अपडेटला नाही. म्हणून ‘बिफोर अपडेट’ ट्रिगर (ओळ बदलण्याआधी डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लिहा आणि दोन्ही कॉलम तिथेच भरा. हे ॲप्लिकेशनच्या कोडवर सोपवलंत, तर कुठली तरी स्क्रिप्ट हमखास विसरते. मायएसक्यूएलमध्ये वेळेपुरतं ‘ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प’ पुरतं.

खरी मेहनत ‘कुणी’साठी. पूलमधली (ॲप्लिकेशनने उघडून ठेवलेली, सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची) सगळी कनेक्शन एकाच लॉगिनची, त्यामुळे ट्रिगरमध्ये ‘करंट युजर’ विचारून हाती काही लागत नाही. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणाऱ्या बदलांचा गट) सुरू होताच ‘सेट कॉन्फिग’ फंक्शनने त्या माणसाचा आयडी ठेवा आणि ट्रिगरमध्ये ‘करंट सेटिंग’ने वाचा. सेट कॉन्फिगचं तिसरं आर्ग्युमेंट ट्रूच हवं. फॉल्स राहिलं तर आयडी कनेक्शनला चिकटून राहतो, आणि पुढच्याने केलेला बदल आधीच्याच्या नावावर चढतो. नाव नसणं एक वेळ परवडलं. चुकीच्या नावामुळे भलत्याच माणसाला जाब द्यावा लागतो.

आणखी एक खोच: ट्रान्झॅक्शन संपल्यावर त्याच कनेक्शनवर ही सेटिंग नल (मूल्यच नसणं) नाही, रिकामी स्ट्रिंग देते. आकड्यात बदलण्याआधी ‘नलइफ’ लावून तिचा नल करा, नाहीतर तिथेच एरर येते. रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टलाही स्वतःचा आयडी द्या.

कुणी फॉर्म उघडून काहीही न बदलता सेव्ह केला, तरी त्याचं नाव लागतं. म्हणून ट्रिगरला अट घाला: जुनी ओळ ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ नवी ओळ, म्हणजे दोन्ही वेगळ्या असतील तरच. साधी तुलना नको, नल आला की ती फसते.

एवढं करूनही हाती राहतो तो शेवटचाच बदल. उधारीच्या मर्यादेसाठी मी वेगळं इतिहासाचं टेबल ठेवलंय: ‘आफ्टर अपडेट’ ट्रिगर जुनी ओळ जेसनबी कॉलममध्ये (अख्खी ओळ एकाच खान्यात मावते असा प्रकार) जशीच्या तशी टाकतो, सोबत आयडी आणि वेळ.