शेल स्क्रिप्टमधली = आणि तुलनेची चिन्हं: या चुका टाळा

डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली तरच इशारा दे, एवढंच काम असलेली माझी एक स्क्रिप्ट रोज इशारा द्यायची. डिस्क निम्मी रिकामी असली तरी! शेवटी फोल्डरमध्ये ‘९०’ नावाची रिकामी फाइल दिसली आणि उलगडा झाला. ओळ अशी होती (कोड इथे देवनागरीत लिहिलाय, टाइप रोमनमध्येच करा):

[ $वापर > ९० ]

चौकटी कंसात शेल (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) > चा अर्थ ‘आउटपुट या फाइलीत टाक’ असा घेतो. मग तपासायला उरतो नुसता $वापर, आणि रिकामी नसलेली एकटी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, नेहमी खरीच ठरते. आकड्यांसाठी -जीटी (मोठं), -एलटी (लहान), -ईक्यू (समान) वापरा. बॅश नावाच्या शेलच्या दुहेरी चौकटी कंसात > तुलना करतो खरा, पण शब्दकोशाच्या क्रमाने. तिथे १० हे ९ पेक्षा लहान.

[ $उत्तर=हो ] मध्येही तोच घोळ. स्पेस नसल्यामुळे सगळं मिळून एकच शब्द होतो, म्हणून अट कायम खरी. एरर नाही, काही नाही.

व्हेरिएबलला किंमत देताना नियम नेमका उलटा: = च्या आजूबाजूला स्पेस नकोच. ‘मोजणी = ५’ लिहिलंत तर शेल ‘मोजणी’ नावाची कमांड शोधायला जातो. डावीकडे डॉलर लावून $मोजणी=५ लिहिलं तरी गत तीच. या चुका निदान ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून ओरडतात, त्यामुळे लगेच सापडतात.

[ $उत्तर = हो ] मध्ये उत्तर रिकामं असेल तर बॅश ‘युनरी ऑपरेटर एक्सपेक्टेड’ म्हणतो, पण स्क्रिप्ट थांबत नाही, गुपचूप एल्समध्ये, म्हणजे अट खोटी असतानाच्या भागात, शिरते. "$उत्तर" असं अवतरणात घाला. मी तर हात बसावा म्हणून सगळीकडेच घालतो.

एकेरी चौकटी कंसात == बॅशला चालतं, पण पॉझिक्स या शेलच्या प्रमाणकात = च आहे. उबुंटूवर ६.१० पासून, म्हणजे २००६ पासून, एसएच ही शेलची कमांड म्हणजे डॅश नावाचा दुसरा शेल, आणि त्याला == कळत नाही. दुहेरी गोल कंसात मात्र तुलनेला == च हवं; (( मोजणी = ० )) लिहिलंत की मोजणी शून्य झालीच म्हणून समजा.

काही कळेनासं झालं की स्क्रिप्ट ‘बॅश -एक्स’ने चालवा. प्रत्येक कमांड किमती भरून झाल्यावर कशी दिसते ते छापून येतं. माझ्या त्या ओळीच्या जागी नुसतं + '[' ५२ ']' आलं. ९० चा पत्ताच नव्हता.