नव्या गाडीत अ‍ॅडिटिव्ह: मी केव्हा टाकलं नाही आणि केव्हा टाकलं

गाडी नवी होती, जेमतेम २,५०० किलोमीटर झालेली. पुण्यात पंपावरच्या मुलाने पेट्रोल भरताना अ‍ॅडिटिव्हची बाटली (इंजिनातली काजळी साफ करायला पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायन) पुढे केली, मी घेतलीही. घरी येऊन गाडीबरोबरचं पुस्तक वाचलं, तर शिफारस नसलेलं काहीही पेट्रोलमध्ये मिसळू नका, असं स्पष्ट लिहिलेलं. बाटली ठेवून दिली. नव्या इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) काजळीच नाही, मग धुणार काय?

४५,००० ला मात्र त्रास सुरू झाला. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचं. एअर फिल्टर आणि प्लग तपासले (हे आधी बघाच), ते ठीक होते. मग सर्व्हिस सेंटरला विचारून पॉलीइथरअमाइन (काजळी साफ करणारं रसायन) असलेलं क्लीनर आणलं. टाकीत थोडंच पेट्रोल उरलं तेव्हा आधी बाटली ओतली आणि वरून टाकी भरली, म्हणजे नीट मिसळतं. प्रमाण बाटलीवर दिलेलंच. लगेच साताऱ्याला जाऊन आलो. ती टाकी संपेपर्यंत थरथर थांबली.

माझं इंजिन पोर्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणारी झडप) आधीच फवारलं जातं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे तिथली काजळी या बाटलीने निघत नाही.